गंगेकाठचा मासा, काचेच्या टाकीत

रंगीत माशांच्या कुठल्याही दुकानात गेलात, तर एखाद्या टाकीत जेमतेम दोन-अडीच इंच लांबीचा, चपटा, निळ्या-तांबड्या तिरप्या पट्ट्यांचा एक मासा हमखास दिसतो. छातीखाली त्याला दोऱ्यासारखे दोन लांब पर असतात. अंधारात आपण हाताने चाचपत जावे, तसा तो हे दोरे पुढे करून वनस्पती, दगड, शेजारचा मासा असे सगळे चाचपून पाहत असतो. मध्येच सावकाश वर येतो, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. हा ‘ड्वार्फ गोरामी’, म्हणजे ठेंगणा गोरामी. दुकानदार सांगतो, ‘घेऊन जा, कणखर मासा आहे. याला हवेचा पंपसुद्धा लागत नाही.’

यातले पंपाचे विधान बरेचसे खरे आहे. कणखरपणाचे मात्र तसे नाही. पंप लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, अशी समजूत करून घेतली जाते आणि मग पुष्कळ घरांत हा देखणा मासा महिन्या-दोन महिन्यांत दगावतो. घरातली लहान मुले हिरमुसतात, मोठी माणसे ‘मासे आपल्याला लाभत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर टाकतात. हे असे का होते, याचे उत्तर या माशाच्या इतिहासात आहे. तो इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात होते.

‘गोरामी’ हा शब्द मूळचा जावा बेटावरचा. तिकडे एका मोठ्या, खाण्याच्या माशाला गुरामी म्हणतात. आपला हा ठेंगणा मासा त्याचा दूरचा नातलग, पण त्याचे घर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. बंगाल-आसामातली तळी, बीळ नावाच्या पाणथळ जागा, भाताची खाचरे, रस्त्याकडेचे चर, हे त्याचे मूळ वस्तीस्थान. बंगालीत या जातकुळीच्या माशांना खोलिशा म्हणतात आणि यातला हा तांबूस म्हणून तो ‘लाल खोलिशा’. बंगाली कोळ्यांच्या तोंडचा हा शब्द जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत जाऊन बसला. तो तिथे कसा पोचला, हेही ऐकण्यासारखे आहे.

फ्रान्सिस बुकानन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. जन्म १७६२चा. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, १८००-०१ मध्ये, म्हैसूर, कानडा आणि मलबार या मुलुखांची पाहणी करायला कंपनीने याच माणसाला पाठवले होते. पुढे १८०७ ते १८१४ अशी सात वर्षे त्याने बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून जमीन, पिके, माणसे, चालीरीती यांची नोंद केली. ही झाली सरकारी कामगिरी. तिच्याच जोडीने तो जाईल तिथले मासे पाहत असे, त्यांची वर्णने लिहून ठेवत असे, चित्रे काढवून घेत असे. माशाचे स्थानिक नाव तो आवर्जून टिपून घेई.

१८१५ साली तो मायदेशी परतायला निघाला, तेव्हा त्याने जमवलेली बरीच चित्रे कंपनी सरकारने त्याला सोबत नेऊ दिली नाहीत. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा मोठा भाग कलकत्त्यात ठेवून तो गेला. पुढे आईच्या घराण्याची इस्टेट मिळाल्यावर त्याने ‘हॅमिल्टन’ हे नाव घेतले आणि १८२२ साली एडिंबरोहून गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अडीचशेहून अधिक जातींची वर्णने त्यात आहेत. आज आपल्या महाराष्ट्रातल्या तलावांतून ज्यांचे बीज सोडले जाते, ते रोहू, कटला आणि मृगळ याच ग्रंथातून शास्त्राला माहीत झाले. जगभरच्या प्रयोगशाळांत ज्याच्यावर संशोधन चालते, तो पट्टेरी झेब्राफिशही याच ग्रंथातला. आणि याच ग्रंथात ‘लालियस’ या नावाने आपला लाल खोलिशा आहे. ‘खोलिशा’वरून पुढे ‘कोलिसा’ असे वंशनामही तयार झाले. माशांच्या जुन्या पुस्तकांत तुम्हाला ‘कोलिसा लालिया’ असे नाव आढळेल. आताचे नाव ‘ट्रायकोगॅस्टर लालियस’. वंशनामे बदलली, ‘लाल’ मात्र कायम राहिला.

आता थोडे त्या घोटभर हवेविषयी. भाताच्या खाचरात किंवा गाळाने भरलेल्या तळ्यात पाणी उथळ, कोमट आणि वनस्पतींनी गच्च भरलेले असते. अशा पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार कमी. नुसत्या कल्ल्यांच्या भरवशावर राहणारा मासा तिथे गुदमरेल. गोरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, घड्या घड्यांचा एक अवयव असतो. त्या घड्यांवर रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तोंडाने घेतलेली हवा तिथे साठते आणि तिच्यातला प्राणवायू रक्तात जातो. घड्यांची ही गुंतागुंत पाहून शास्त्रज्ञांनी त्याला ‘लॅबिरिंथ’, म्हणजे भुलभुलैया, असे नाव दिले. बंगालचा कोई मासा पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो, तो याच अवयवाच्या जोरावर. या गटातल्या अनेक माशांना पृष्ठभागापर्यंत येऊच दिले नाही, तर पाण्यात प्राणवायू असूनही ते मरतात. वर येऊन श्वास घेणे ही त्यांची नित्याची गरज आहे.

याच हवेचा दुसरा उपयोग नर करतो. विणीच्या दिवसांत तो तोंडातल्या लाळेत हवा घोळवून बुडबुडे सोडतो आणि पाण्यावर त्यांचे घरटे रचतो. त्याचे काही भाईबंद नुसत्या बुडबुड्यांवर भागवतात. हा मात्र वनस्पतींचे तुकडे, तंतू, देठ तोंडाने आणून त्यात गुंफतो. आपल्याकडे सुगरण पक्षी करतो, तशातलाच हा प्रकार. मादी अंडी घालते, ती तेलकट असल्यामुळे वर तरंगतात. जी इकडेतिकडे जातात, ती नर तोंडात धरून घरट्यात नेऊन ठेवतो आणि नंतर तिथेच पहारा देतो. त्या वेळी तो मादीलाही जवळ फिरकू देत नाही.

हॅमिल्टनच्या ग्रंथातून हा मासा काचेच्या टाकीत कसा गेला? मुळात काचेची टाकीच तेव्हा नव्हती. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका टाकीत सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने सडून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्या सडकी पाने खाऊ लागल्या आणि पाणी न बदलता टाकी निवळ राहिली. हा प्रयोग त्याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्रज मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात टाक्या दिसू लागल्या.

पण या टाक्यांत असत ते थंड पाण्याचे मासे. उष्ण प्रदेशांतले मासे बोटीने युरोपात आणायचे, तर आठवडेच्या आठवडे लहानशा भांड्यात ते जगणार कसे? हवेचे पंप नव्हते, विजेचे हीटर नव्हते. बहुतेक मासे वाटेतच मरत. जगले ते हवा घेणारे. १८६९ साली पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याच्याकडे चीनमधून पॅराडाइज फिश नावाचे मासे पोचले. तेही गोरामीचे भाईबंद, तेही भातखाचरातले. कार्बोनिएने त्यांची पैदास केली. बुडबुड्यांचे घरटे आणि बापाचा पहारा पाहून पॅरिसकर थक्क झाले. १८७०च्या दशकात त्याने गंगेच्या खोऱ्यातल्या, लाल खोलिशाच्या थोरल्या भावंडांचीही पैदास केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लाल खोलिशा स्वतः जर्मनीत जाऊन पोचला आणि तिथून छांदिष्टांच्या टाक्यांतून जगभर पसरला.

गैरसमजाचे बीज इथे पडले. प्रवासात जो जगतो तो दणकट, असा साधा हिशेब लोकांनी केला. हे मासे जगले, कारण त्यांना पाण्यातल्या प्राणवायूची फिकीर नव्हती. पण बंद भांड्यातल्या पाण्यात आणखी एक शत्रू असतो आणि त्याच्यापुढे हवेचा घोट काही कामाचा नाही. त्याची ओळख पटवून देणाऱ्यांत वॉरिंग्टनचाच मुलगा होता, हा एक विलक्षण योग.

मुलाचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो शेतीचा रसायनशास्त्रज्ञ झाला. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या प्रसिद्ध संशोधन केंद्रात तो मातीचा अभ्यास करत होता. शेणखतातला अमोनिया मातीत नायट्रेट कसा होतो, हा त्याचा विषय. १८७७ साली दोन फ्रेंच संशोधकांनी हे काम सूक्ष्मजीव करतात, असे दाखवले होते. वॉरिंग्टनने त्यापुढे जाऊन हे काम दोन टप्प्यांत होते, हे सिद्ध केले. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जीवाणू वेगळे काढून दाखवण्याचे श्रेय १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मिळवले. बापाची टाकी का निवळ राहिली, याच्या कारणाचा एक मोठा भाग मुलाच्या हाती मातीत लागला.

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजून आणखी अमोनिया होतो. अमोनिया विषारी, त्यापासून होणारे नायट्राइटही विषारी. नायट्रेट बरेच सौम्य. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे नसतात. वाळूवर, फिल्टरच्या स्पंजावर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी टाकी आणतो, तासाभरात नळाचे पाणी भरतो आणि संध्याकाळी मासे सोडतो. गोरामी वर येऊन हवा घेतो, म्हणून तो ठीक आहे असे आपल्याला वाटते. त्याचे कल्ले पाण्यातच असतात आणि पाण्यातले विष त्यांना भिडतच असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाने मालवाहतूक होऊ लागली, प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून मासे पाठवता येऊ लागले आणि रंगीत माशांचा धंदा जगभर वाढला. सिंगापूर हे त्याचे मोठे केंद्र बनले. गोरामीची पैदास शेततळ्यांतून होऊ लागली. निवडून निवडून नवे रंग तयार केले गेले. सबंध लालभडक असलेला ‘फ्लेम’, सबंध फिका निळा ‘पावडर ब्लू’, झळझळीत पट्ट्यांचा ‘निऑन’, हे सगळे एकाच लाल खोलिशाचे वंशज. ज्या पिढ्या रंगासाठी निवडल्या, त्या ताकदीसाठी निवडलेल्या नव्हत्या. मादी रुपेरी, फिकी, म्हणून ती दुकानात फारशी येतच नाही. हजारो माशांची दाटी, एका देशातून दुसऱ्या देशात, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत होणारी उलाढाल, हे रोगाला आमंत्रणच होते.

तो रोग आला. १९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यकांनी आयात केलेल्या ठेंगण्या गोरामींमध्ये इरिडोव्हायरस गटातल्या विषाणूची नोंद केली. मासा सुस्त होतो, रंग उतरतो, अन्न सोडतो, कधी पोट फुगते, कधी अंगावर जखमा होतात आणि तो मरतो. यावर औषध नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिडनीच्या दुकानांतले गोरामी तपासले, तेव्हा त्यातले सुमारे २२ टक्के बाधित निघाले. त्याआधी २००३ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका मत्स्यपालन केंद्रात मरे कॉड या ऑस्ट्रेलियाच्या खास माशाची पिल्ले मोठ्या संख्येने मेली होती. तो विषाणू आणि गोरामीतला विषाणू जवळजवळ एकच असल्याचे संशोधकांना आढळले. गंगेकाठच्या एका चिमुकल्या माशाच्या व्यापारातून परक्या खंडातल्या नदीतल्या माशावर संकट येऊ शकते, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आले. पुढे ऑस्ट्रेलियाने गोरामींच्या आयातीचे नियम कडक केले. हा विषाणू माणसाला होत नाही, हे लगेच सांगून ठेवतो.

आपल्याकडे काचेच्या टाकीचे वेड तसे उशिरा आले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. एका पारशी दानशूराची देणगी त्यामागे होती. शाळेच्या सहलीतून ते पाहून आलेल्या किती मुलांनी घरी येऊन बरणीत मासे ठेवायचा हट्ट धरला असेल, कोण जाणे. पुढे क्रॉफर्ड मार्केटमधली दुकाने, कुर्ल्याचा बाजार, पुण्या-नाशकातली दुकाने, असे करत फिशटँक मध्यमवर्गीय घरात पोचला. फेंगशुईची लाट आली, तेव्हा तो बैठकीच्या खोलीत कोणत्या कोपऱ्यात ठेवावा, याचीच चर्चा जास्त झाली. आत राहणाऱ्याला काय हवे, ते विचारायचे राहून गेले.

तर त्याला काय हवे? त्याच्या भातखाचराची आठवण ठेवली, तर यादी आपोआप तयार होते. खाचरातले पाणी संथ असते, म्हणून टाकीत जोराचा प्रवाह नको. स्पंजाचा साधा फिल्टर उत्तम. फिल्टर हवाच, तो जीवाणूंच्या वस्तीसाठी. पाण्यावर तरंगत्या वनस्पती असाव्यात, म्हणजे त्याला सावली मिळते आणि घरट्याला सामान मिळते. टाकी दोन फूट लांबीची असली, तर एक नर आणि एक-दोन माद्या सुखाने राहतात. दोन नर एकत्र ठेवले, तर दुबळ्याचा छळ होतो. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मुंबईत बहुतेक वर्षभर त्यासाठी काही करावे लागत नाही, पुण्या-नाशकाच्या थंडीत मात्र हीटर लागतो. टाकीवर झाकण ठेवावे, पण वर बोट-दोन बोटे हवेची जागा सोडावी. बंगालच्या दमट हवेत वाढलेल्या या माशाला थंड, कोरडी हवा बाधते. पिल्लांचा भुलभुलैया तर जन्मानंतर काही आठवड्यांनी तयार होतो, त्या काळात झाकण फारच महत्त्वाचे.

पाणी दर आठवड्याला चौथाई बदलावे, सगळे नव्हे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते काढण्याचे औषध मिळते, ते वापरावे. खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, नाही तर वसलेली वस्ती आपल्याच हाताने वाहून जाते. नवा मासा आणला, की तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. विकत घेताना दहा मिनिटे टाकीपुढे उभे राहून पाहावे. रंग उजळ आहे का, खातो का, त्याच्याबरोबरचे मासे धडधाकट आहेत का, ते पाहावे. एकही मेलेला मासा तळाशी दिसला, तर त्या टाकीतले काही घेऊ नये. हाताला जखम असेल, तर टाकीत हात घालू नये, कारण माशांच्या क्षयासारख्या एका रोगाचे जंतू जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरू शकतात. आणि मासा नकोसा झाला, तर तो नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नये. मरे कॉडची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

या सगळ्याला खर्च फारसा नाही. धीर मात्र लागतो, विशेषतः ते पहिले चार-सहा आठवडे. मासे नसलेली टाकी पाहत बसणे मुलांना अवघड जाते, मोठ्यांनाही जाते. पण या काळात रिकाम्या पाण्यात जे घडत असते, ते समजायला दोन वॉरिंग्टनांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या, हे मुलांना सांगितले तर ती वाट पाहायला तयार होतात, असा अनुभव आहे.

पाणी मनाजोगते जमले, की एखाद्या सकाळी टाकीच्या कोपऱ्यात फेसाचा एक पुंजका दिसतो. त्यात पानांचे तुकडे अडकवलेले असतात आणि खाली तो नर पहाऱ्यावर असतो. त्याने गंगा पाहिलेली नसते, त्याच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनीही पाहिलेली नसते. तरीही खाचरात पहिल्या पावसानंतर त्याच्या पूर्वजांनी जे केले, तेच तो करत असतो. तेवढी जागा आणि तेवढे स्वच्छ पाणी त्याला देणे आपल्या हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)